तंजावरचें पीक आणि विलायतेंतील उमेदवार

उमेदवार हा शब्द आपल्या जुन्या दप्तरांस अपरिचित नाहीं. चाकरीची उमेद धरून कचेरीच्या दारीं तिष्ठणारा तो उमेदवार. त्यास मतें मागावयाचीं नसत, मर्जी संपादावयाची असे. आणि मर्जी म्हटली कीं नजर आली. नजरेची रक्कम पदरची असली तर प्रश्न मिटला. परंतु ती सावकाराकडून आणलेली असली म्हणजे मामलत मिळतांच तो सावकारहि मामलेदाराच्या मागोमाग परगण्यांत शिरावयाचा. मतें मागून अधिकार मिळविण्याची पद्धति निराळी खरी, पण तेथेंहि उमेदवारास पैसा लागतोच, आणि तो मोठ्या रकमेनें एकाच हातून यावा कीं न यावा हा वाद आज सर्व देशांत चालू आहे. या वादास उपयोगी पडेल असें अठराव्या शतकांतील एक प्रकरण मराठ्यांच्याच एका राज्याशीं निगडित आहे. त्याची एक बाजू वेस्टमिन्स्टर येथील पार्लमेंटच्या वृत्तांतांत आढळते आणि दुसरी कावेरीच्या कांठीं. या दोन्ही बाजू एकत्र ठेवून पाहिल्याखेरीज त्याचा उलगडा होत नाहीं.

तंजावरच्या भोसल्यांचें राज्य व्यंकोजीराजांपासूनचें. इ. स. १७६३ मध्यें तुळजाजीराजे गादीवर आले, तत्पूर्वींच म्हणजे १७६२ सालीं मद्रासकर इंग्रजांच्या मध्यस्थीनें तंजावरानें अर्काटच्या नबाबास बाकीपोटीं २२ लक्ष व दरसाल ४ लक्ष रुपये द्यावे असा करार झाला होता. नबाब महंमद अली वालाजाह हा इंग्रजांच्या बळावर गादी टिकवून असलेला पुरुष. त्या बळाची किंमत भागवितां भागवितां तो मद्रासच्या गोऱ्या कामदारांचा ऋणको बनला. कंपनीचा नोकर सकाळीं कंपनीचें काम करी व सायंकाळीं नबाबास कर्ज देई. व्याजाचा दर असा कीं थोड्याच वर्षांत मुद्दल व्याजांत हरवून जावें. या ऋणकोस व त्याच्या धनकोंस मिळून एका सुपीक मुलखाची गरज होती. १७७१ त वेढा घालून पैसा उकळण्यांत आला, आणि सप्टेंबर १७७३ मध्यें कंपनीच्या फौजेनें तंजावर घेऊन नबाबाच्या हवालीं केलें. राजे कैदेंत पडले.

येथें पॉल बेनफील्ड हा गृहस्थ पुढें येतो. १७६४ च्या सुमारास तो कंपनीच्या नोकरींत मद्रासेस आला. त्याचा पगार सालीना कांहीं शें पौंडांच्या वर नव्हता; तरी १७७६ त त्यानें जो दावा मांडला तो २ लक्ष ३० हजार पौंडांच्या वरचा होता. त्यांतील मोठा भाग नबाबानें तंजावरच्या वसुलावर दिलेल्या वरातींचा, व उरलेला तेथील रयतेस व इतरांस दिलेल्या कर्जाचा होता. वरातीचा व्यवहार आपल्या वाचकांस समजावून सांगण्याचें कारण नाहीं. नवल एवढेंच कीं येथें वरात देणारा मुलखाचा धनी अडीच वर्षांचा, घेणारा परदेशी कारकून, आणि ज्या शेतांवर ती दिली तेथील भात अद्याप उभें होतें.

विलायतेंतील डायरेक्टरांनीं तंजावर राजांस परत द्यावें असा हुकूम करून लॉर्ड पिगट यांस गव्हर्नर नेमून पाठविलें. पिगट यांनीं स्वतः तंजावरास जाऊन एप्रिल १७७६ मध्यें तुळजाजीराजांस पुनः गादीवर बसविलें. लागलीच बेनफील्डचा दावा कौन्सिलापुढें आला. प्रथम तो अमान्य झाला. पण थोड्याच दिवसांत बहुमत फिरलें, कारण नबाबाच्या धनकोंत कौन्सिलांतील लोकांचेहि हितसंबंध गुंतलेले होते. भांडण विकोपास जाऊन २४ ऑगस्ट १७७६ रोजीं गव्हर्नरासच त्याच्या कौन्सिलदारांनीं कैद केलें. पिगट कैदेंतच ११ मे १७७७ रोजीं वारले. कैद करणाऱ्यांवर पुढें लंडनांत खटला होऊन प्रत्येकीं १००० पौंड दंड झाला. ज्यांनीं लाखोंच्या व्यवहाराचें रक्षण केलें त्यांस ही रक्कम जड गेली असेल असें वाटत नाहीं.

मद्रासेंत इतकें साधल्यावर उरलें होतें तें लंडन. कंपनीवर हुकमत पार्लमेंटची, आणि पार्लमेंटांत जावयाचें तर निवडणूक. त्या काळीं इंग्लंडांतील कित्येक मतदारसंघ नांवाचे होते. मूठभर मतदार, आणि जागेची किंमत बाजारांत ठरलेली. लांच देणें कायद्यानें गुन्हा होता, १७२९ चा कायदा तर फार कडक होता. परंतु उमेदवाराचा पैसा मूळ आला कोठून हें विचारणारा कायदा एकहि नव्हता. उलट १७११ च्या कायद्यान्वयें परगण्याच्या मेंबरास सालीना ६०० पौंड व शहराच्या मेंबरास ३०० पौंड उत्पन्नाची जमीन असावी लागे. हेतु असा कीं धनवान् मनुष्य विकला जाणार नाहीं. कायदा करणाऱ्यांस गरिबाच्या लोभाची भीति होती. श्रीमंताच्या येण्याची त्यांनीं कल्पना केली नव्हती.

नबाबाचे हस्तक या दिशेनें फार पूर्वींच वळले होते. १७६८ त जॉन मॅक्फर्सन हा नबाबाचा गुप्त वकील म्हणून लंडनास पोंचला व मुख्य प्रधान ड्यूक ऑफ ग्रॅफ्टन यांस नजराणा देऊं लागला. ड्यूकनें तो नाकारला. मग अल्प व्याजानें सरकारासच कर्ज देण्याची गोष्ट निघाली. तीहि फळास आली नाहीं. प्रधान नाकारतो म्हटल्यावर मेंबर व्हावें हा मार्ग राहिला. हाच मॅक्फर्सन १७७९ त विल्टशरांतील क्रिकलेड या गांवाच्या वतीनें पार्लमेंटांत गेला. १७८० च्या निवडणुकींत त्याच गांवीं त्याचा जोडीदार मेंबर झाला तो खुद्द बेनफील्ड. ‘ओसियन’ काव्यामुळें प्रसिद्ध असलेला जेम्स मॅक्फर्सन हाहि नबाबाचा हस्तक. तो त्याच वर्षीं कॅमेलफर्डहून निवडून आला. क्रिकलेडच्या निवडणुकीविरुद्ध अर्ज होऊन जॉन मॅक्फर्सनची निवड रद्द झाली, व १७८२ त खास कायद्यानें त्या गांवाचा मतहक्क आसपासच्या मुलखास देण्यांत आला. बेनफील्ड मात्र १७८१ त पुनः कंपनीच्या नोकरीवर मद्रासेस निघून गेला आणि तेथून १७८४ पर्यंत क्रिकलेडचा मेंबर राहिला! जागा बसण्यासाठीं घेतलेली नव्हती हें यावरून उघड आहे.

त्याच १७८१ सालीं हैदर अलीच्या स्वारीनें तंजावर प्रांत उजाड झाला. गुरें गेलीं, माणसें गेलीं, कालवे बुजले. कागदावरील व्याजास मात्र त्या स्वारीची झळ लागली नाहीं.

१७८४ च्या पिटकृत कायद्यांत नबाबाच्या कर्जाची चौकशी करावी असें स्पष्ट कलम होतें. डायरेक्टरांनीं चौकशीचा हुकूम लिहून तयार केला. पण डंडासच्या बोर्डानें तो बदलून कर्जाचे तिन्ही वर्ग चौकशीवांचून मान्य केले आणि कर्नाटकच्या वसुलांतून दरसाल १२ लक्ष होन, म्हणजे ४ लक्ष ८० हजार पौंड, फेडीस लावून दिले. २८ फेब्रुवारी १७८५ रोजीं एडमंड बर्क यांनीं यावर जें प्रदीर्घ भाषण केलें तें प्रसिद्ध आहे. बेनफील्डनें गेल्या पार्लमेंटांत आठ मेंबर निर्माण केले, व १७८४ च्या निवडणुकींत त्याच्या लंडनच्या अडत्याचा पैसा प्रधानमंडळाच्या बाजूनें खर्ची पडला, असा त्यांचा आरोप. प्रधानमंडळानें हें ऐकून घेतलें, उत्तर फारसें दिलें नाहीं, आणि ठराव मोठ्या बहुमतानें फेटाळला गेला.

आमच्या कित्येक लेखकांनीं हें भाषण पुरावा म्हणून जसेंच्या तसें स्वीकारलें आहे. तें बरोबर नव्हे. आठ हा आंकडा फिर्यादीचा आहे, निवाड्याचा नव्हे. शिवाय फिर्यादी निर्लेप नव्हता. बर्क यांचा जिवलग आप्त विल्यम बर्क हा १७७७ त मद्रासेस जाऊन तुळजाजीराजांचा वकील होऊन परतला. म्हणजे एका बाजूस नबाबाचे मेंबर तर दुसऱ्या बाजूस राजांच्या वकिलाचा नातलग. स्वतः एडमंड बर्क वेंडोव्हर व पुढें माल्टन या जागांवर धनिक पाठीराख्यांच्या कृपेनेंच बसले. आणि लॉर्ड रॉकिंगहॅम यांनीं त्यांस दिलेलीं कर्जें १७८२ त मरतेसमयीं माफ केलीं. मग दोघांत भेद तो कोणता?

हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाहीं, व बेनफील्डच्या बाजूचे लोक तो विचारीतच होते. त्यांचें म्हणणें असें कीं ज्याच्यापाशीं पैसा नाहीं त्यानें उमेदवारी करूंच नये काय? मोठ्या मनाच्या धनिकानें गुणी पण निर्धन पुरुषास पुढें आणिलें नसतें तर बर्कसारखा वक्ता त्या सभेंत कधीं दिसताच ना. हें खरें आहे, आणि देणगी मोठी म्हणून दोषी असें सरसकट ठरविणारांनीं याचें उत्तर दिलें पाहिजे. आमच्या मतें भेद रकमेंत नसून दावा कोणापुढें चालावयाचा आहे यांत आहे. रॉकिंगहॅमला आपल्या पक्षाचें बळ हवें होतें. तें जगजाहीर होतें, आणि त्याची कोणतीहि फिर्याद बर्कच्या निवाड्यावर लटकत नव्हती. बेनफील्डचा संपूर्ण दावा त्याच सभेच्या मतावर उभा होता; त्यानें न्यायासनाच्याच जागा विकत घेतल्या. विल्यम बर्कचें प्रकरण या दोहोंच्या मध्यें कोठें तरी पडतें. एडमंड बर्क यांनीं तें नातें उघड सांगून बाजूस बसावयास हवें होतें असें म्हणणाऱ्याशीं आम्ही वाद घालणार नाहीं. त्यांचें म्हणणें खरें होतें म्हणून त्यांचें आसन निर्मळ होतें असें सिद्ध होत नाहीं.

दुसरी गोष्ट अशी कीं देणगी मोठी असली म्हणजे ती देणाऱ्याच्या पदरची क्वचितच असते. रघुनाथरावदादांनीं मार्च १७७५ मध्यें सुरतेस इंग्रजांशीं करार केला तेव्हां गादीची उमेद दादांची, पण किंमत साष्टी व वसईची, फौजेचा खर्च दरमहा दीड लक्ष रुपये, आणि तारणास सहा लक्षांचें जवाहीर. साष्टीच्या कुणब्यास कोणीं विचारलें नाहीं. बेनफील्डचा पैसाहि बेनफील्डचा नव्हता. तो नबाबाच्या रोख्यांतून, रोखा तंजावरच्या वरातींतून, आणि वरात कावेरीच्या खोऱ्यांतील भातांतून निघाली होती. क्रिकलेडच्या मतदारास जी गिनी मिळाली तिचा मूळ दाता कोणी तरी तमिळ शेतकरी होता, आणि क्रिकलेड कोठें आहे हें त्याच्या स्वप्नींहि नव्हतें.

म्हणून या विषयाचीं साधनें केवळ लंडनास शोधून भागणार नाहीं. बृहदीश्वराच्या देवळांत १८०३ त कोरविलेला भोसल्यांच्या वंशाचा मराठी शिलालेख सर्वांस ठाऊक आहे. पण राजवंशाच्या इतिहासापेक्षां येथें वसुलाचे कागद अधिक उपयोगी. सरस्वती महालांतील मोडी रुमालांत १७७३ ते १७७६ या नबाबी अमलांतील किंवा त्याच्या लागल्या सालांतील जमाबंदी, वराती, पावत्या यांपैकीं जें असेल तें तारखेवार लावून बेनफील्डच्या दाव्याच्या रकमांशीं ताडून पाहणें हें काम होण्याजोगें आहे. खासगी संग्राहकांपाशीं कर्नाटकांतील सावकारी घराण्यांच्या वह्या असतील तर त्यांनीं केवळ शिक्के व हस्ताक्षरें पाहून त्या बाजूस ठेवूं नयेत. व्याजाचें कलम व हस्तांतराचा शेरा हींच येथें मोलाचीं. एकच रोखा किती हातांतून गेला, व शेवटचा हात कोणत्या साहेबाचा होता, हें त्या शेऱ्यांवरूनच कळावयाचें.

असल्या रोख्यांचें खरें वजन किती होतें तें पुढें इंग्रजांनींच मोजलें. १८०१ त कर्नाटक खालसा झाल्यावर १८०५ त नेमलेल्या कमिशनापुढें नबाबावरील खासगी दावे आले ते ३ कोटी पौंडांहून अधिक. कित्येक वर्षें छाननी चालून त्यांपैकीं मान्य झाले ते ३० लक्षांच्या आंतच. १७८४ त चौकशीवांचून मान्य केलेलें कर्ज तोंवर कर्नाटकाच्या वसुलांतून गेलें होतें. तंजावरचा कारभारहि १७९९ च्या तहानें सरफोजीराजांच्या हातून कंपनीकडे आला. बेनफील्डनें पुढें लंडनांत पेढी काढली, ती बुडाली, आणि १८१० त पॅरिस येथें तो दारिद्र्यांत मरण पावला.