शंभर ग्रॅम

ऑगस्ट 2024 मध्ये विनेश फोगाट ऑलिंपिकच्या अंतिम फेरीतून 100 ग्रॅम जास्त वजनामुळे बाद झाली, तेव्हा आई म्हणाली, "अगं, दोन लिंबांचं वजन ते!" मला मात्र 1997 सालची अमेरिकेतली तीन मुलं आठवली.

तिघंही कॉलेजातले कुस्तीगीर. वयं 19, 22 आणि 21. नॉर्थ कॅरोलायना, विस्कॉन्सिन आणि मिशिगन. 7 नोव्हेंबर ते 9 डिसेंबर, जेमतेम महिन्याभरात तिघंही गेले. कुस्ती खेळताना नव्हे, वजन उतरवताना! अन्नपाणी तोडायचं, घामाची वाफ कोंडून ठेवणारा सूट घालायचा आणि उकाड्यात व्यायाम करत राहायचं. मिशिगनचा मुलगा 17 पौंड, म्हणजे पावणेआठ किलो उतरवायला निघाला होता.

आता तुम्ही म्हणाल, कुणी सांगितलं नव्हतं का त्यांना? सांगितलं होतं ना. क्रीडावैद्यकातल्या अमेरिकन तज्ज्ञांच्या संस्थेने 1976 सालीच लेखी इशारा दिला होता. पण वजन सामन्याच्या एक दिवस आधीपर्यंत घेता यायचं. मधल्या वेळात पाणी पिऊन पुन्हा भारी व्हायचं आणि हलक्या गटात खेळायचं. समोरचाही तेच करणार, मग आपण कसं थांबायचं? उपाशी राहणं, ओकाऱ्या काढणं हा आजार न वाटता शिस्त वाटायला लागली, ती अशी.

जानेवारी 1998 मध्ये मात्र नियम बदलले. ते सूट आणि तापवलेल्या खोल्या बंद. वजन सामन्याआधी फार तर दोन तास. पुढच्या मोसमापासून तर लघवी तपासून आणि अंगातली चरबी मोजून प्रत्येकाचं किमान वजन आधीच ठरायला लागलं. त्याखाली उतरायचंच नाही. बावीस वर्षं उपदेशाने जे झालं नाही, त्याला तीन मुलं जावी लागली.

पॅरिसमध्ये वजन त्याच सकाळी घेत होते, तरी विनेश आदली रात्रभर घाम गाळत होती. म्हणजे नुसतं घड्याळ बदलून भागत नाही, खालची मर्यादाही हवी.

हे सगळं आज लिहायचं कारण आमचा भाचा. हॉस्टेलवरून आला आणि ताट सरकवून म्हणाला, "नको मावशी, रविवारी वजन आहे."

"जेव रे" असं म्हणणार होते. त्याऐवजी विचारलं, "तुझं किमान वजन किती असावं, हे कुणी मोजलंय का?"

तो नुसता हसला. असो. सरांचा फोन नंबर मात्र मी मागून घेतलाय.