कृषिविस्तारकांचे मनुष्यबळ व्यवस्थापन प्रशिक्षण

कृषिविस्तारकांचे मनुष्यबळ व्यवस्थापन प्रशिक्षण : शेतकऱ्यांना सल्ला देणारे कर्मचारी, त्यांचे पर्यवेक्षक, कृषी विज्ञान केंद्रांतील विषयतज्ज्ञ आणि कृषी विद्यापीठांतील अध्यापक यांना पीकशास्त्राखेरीज माणसांबरोबर काम करण्याचे व माणसांकडून काम करवून घेण्याचे जे शिक्षण नोकरीत असताना दिले जाते, त्यास ही संज्ञा लावतात. कामाची वाटणी, पर्यवेक्षण, प्रेरणा, संवाद, तंटे मिटवणे, कामगिरीचे मूल्यमापन आणि हाताखालच्या माणसाची वाढ हे त्याचे मुख्य विषय होत. कृषिविस्तार म्हणजे संशोधन केंद्रातील ज्ञान शेतापर्यंत आणि शेतातील अडचण संशोधन केंद्रापर्यंत नेण्याचे काम. हे काम सर्वस्वी माणसावर अवलंबून असल्याने येथील मनुष्यबळ व्यवस्थापन कारखान्यातल्याहून वेगळे होते : कर्मचारी दिवसभर एकटा गावोगाव फिरतो, वरिष्ठाच्या नजरेआड असतो, आणि पीक चांगले आले तर ते पावसाने की सल्ल्याने, हे ठरवणे अवघड असते.

पूर्वपीठिका : भारतात या विचाराचा पहिला ठळक प्रयोग उत्तर प्रदेशातील इटावा जिल्ह्यात १९४८ साली सुरू झालेल्या प्रायोगिक प्रकल्पात झाला. त्याचे प्रणेते अमेरिकन नगररचनाकार ॲल्बर्ट मेयर यांनी अंतर्गत लोकशाहीकरण ही कल्पना मांडली. जो ग्रामसेवक स्वतःच्या कचेरीत वरिष्ठापुढे तोंड उघडू शकत नाही, तो गावात शेतकऱ्याचे म्हणणे ऐकून घेईल अशी अपेक्षा धरणे व्यर्थ आहे, असा तिचा आशय होता. म्हणून कर्मचाऱ्यांच्या बैठकांत कनिष्ठांनी मोकळेपणाने बोलावे यावर भर होता. पुढे या विषयावर जे साहित्य झाले, त्यातील बहुतेक मुद्द्यांचे बीज या एका कल्पनेत सापडते. २ ऑक्टोबर १९५२ रोजी समूहविकास कार्यक्रम सुरू झाल्यावर बहुउद्देशी ग्रामसेवकांसाठी देशभर प्रशिक्षण केंद्रे निघाली, परंतु भरतीचा वेग मोठा असल्याने त्यांत शेती, आरोग्य, सहकार व पंचायत या विषयांची तोंडओळख करून देण्यावरच वेळ जाई. प्रशिक्षकांना शिकवण्यासाठी निलोखेडी येथे १९५९ मध्ये आणि आणंद व हैदराबादजवळील राजेंद्रनगर येथे १९६२ मध्ये विस्तार शिक्षण संस्था स्थापन झाल्या. चौथी, जोरहाटची, १९८७ ची. महाराष्ट्र व गोवा आणंदच्या कार्यक्षेत्रात येतात.

प्रशिक्षण व भेट पद्धती : इस्रायली तज्ज्ञ डॅनियल बेनोर यांनी तुर्कस्तानातील सेहान प्रकल्पात आजमावलेली व जागतिक बँकेच्या साहाय्याने अनेक देशांत पसरलेली ही पद्धती भारतात १९७४ पासून चंबळ खोऱ्यातील राजस्थानच्या सिंचनक्षेत्रात, आणि महाराष्ट्रात १९८० च्या दशकाच्या आरंभी आली. बेनोर व जेम्स हॅरिसन यांनी १९७७ मध्ये तिची मार्गदर्शिका प्रसिद्ध केल्यामुळे तिचा तपशील इतर कोणत्याही पद्धतीपेक्षा अधिक उपलब्ध आहे. गावपातळीवरील कर्मचाऱ्याच्या हाती असलेल्या शेतकरी कुटुंबांचे आठ गट पाडत. प्रत्येक गटाला पंधरवड्यातील एक ठरलेला वार असे, आणि गटातील सुमारे दहा टक्के शेतकरी ‘संपर्क शेतकरी’ म्हणून निवडत. पंधरवड्यातील उरलेल्या दिवसांपैकी एक किंवा दोन दिवस प्रशिक्षणाचे, बाकीचे राहिलेल्या भेटी भरून काढण्याचे व शेतावरील चाचण्यांचे. साधारणपणे आठ कर्मचाऱ्यांवर एक पर्यवेक्षक, सहा ते आठ पर्यवेक्षकांवर एक उपविभागीय अधिकारी, आणि बाजूला विषयतज्ज्ञ अशी साखळी होती. विषयतज्ज्ञ महिन्यातून एकदा कृषी विद्यापीठातील संशोधकांबरोबर कार्यशाळेत बसत आणि तेथे ठरलेला संदेश पुढील पंधरवड्याच्या प्रशिक्षणात खाली उतरे. कर्मचाऱ्याला विस्ताराबाहेरची, म्हणजे खतवाटप, कर्जवसुली किंवा आकडेवारी गोळा करण्याची कामे देऊ नयेत, हा तिचा मूलभूत नियम होता.

मनुष्यबळ व्यवस्थापनाच्या दृष्टीने या पद्धतीचे महत्त्व असे की, प्रशिक्षण ही नोकरीच्या आरंभी एकदा उरकण्याची गोष्ट न राहता कामाच्या वेळापत्रकाचाच भाग झाली, आणि एका पर्यवेक्षकाने किती माणसे सांभाळावीत यास प्रथमच निश्चित उत्तर मिळाले. तिचे उत्पादनावर काय परिणाम झाले, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. कोरडवाहू भागात दर पंधरवड्याला सांगण्याजोगे नवे काही उरत नसे आणि प्रकल्पाचा निधी संपल्यावर राज्यांना खर्च झेपला नाही, हे दोन आक्षेप मात्र बहुतेक जण मान्य करतात. त्याहून गंभीर उणीव अशी की, पंधरवड्यातील प्रशिक्षणाच्या दिवसांत संदेश पाठ होई. तो न पटणाऱ्या शेतकऱ्याशी कसे बोलावे, हे शिकवायला वेळ नसे.

वर्तनविज्ञानाचा प्रवेश : अभ्यासक्रमात माणसाचा विचार मुख्यतः मानसशास्त्रज्ञांकडून आला. डेव्हिड मॅक्लेलंड यांनी १९६४ च्या सुमारास हैदराबादच्या लघुउद्योग विस्तार प्रशिक्षण संस्थेमार्फत काकिनाडा येथील उद्योजकांसाठी कर्तृत्वप्रेरणेचे वर्ग घेतले, आणि प्रेरणा प्रशिक्षणाने वाढवता येते ही कल्पना तेथून विस्ताराच्या क्षेत्रात आली. उदय पारीक यांचे काम येथे विशेष महत्त्वाचे ठरते. जी. त्रिवेदी यांच्यासह १९६४ मध्ये त्यांनी तयार केलेली ग्रामीण सामाजिक-आर्थिक स्तर मोजण्याची श्रेणी विस्तार शिक्षणाच्या पदव्युत्तर प्रबंधांत अनेक दशके वापरली गेली, त्यांनीच टी. व्ही. राव यांच्यासमवेत १९७५ च्या सुमारास मुंबईच्या लार्सन अँड टुब्रो कंपनीसाठी मनुष्यबळ विकासाची एकात्म व्यवस्था आखली. भूमिकातणाव, म्हणजे पदाकडून असलेल्या परस्परविरोधी अपेक्षांमुळे येणारा ताण, मोजण्याची त्यांची साधने कृषी कर्मचाऱ्यांना चपखल लागू पडतात, कारण एकाच माणसाने शेतकऱ्याचा मित्र व्हावे आणि शासनाचे लक्ष्यही गाठावे अशी अपेक्षा असते. भूमिकाभिनय, गटचर्चा, टपाल-पेटी सराव (साचलेली पत्रे ठरलेल्या वेळेत वाचून कोणते काम आधी करावे याचा निर्णय घेणे) आणि जोहारी खिडकी (स्वतःविषयी आपल्याला व इतरांना काय माहीत आहे याची चौकट) या पद्धती वर्गात रूढ झाल्या.

शेतीशाळा : १९८९ मध्ये इंडोनेशियात भातावरील एकात्मिक कीडनियंत्रणासाठी सुरू झालेल्या या पद्धतीत प्रशिक्षकाने आधी संपूर्ण हंगामभर स्वतः पीक वाढवायचे, दर आठवड्याला निरीक्षणे काढायची आणि ती गटापुढे मांडायची असते. सल्लागाराने उत्तर न देता प्रश्न विचारायला शिकावे, हा तिचा गाभा आहे. आठवडाभराच्या वर्गापेक्षा ही रीत अधिक खोल जाते. ती महाग असल्याने पूर्ण स्वरूपात क्वचितच राबवली जाते.

संस्था व महाराष्ट्र : राष्ट्रीय पातळीवर हैदराबादची राष्ट्रीय कृषी विस्तार व्यवस्थापन संस्था (मॅनेज) ही मुख्य होय. ती १९८७ मध्ये केंद्र म्हणून सुरू झाली, १९९२ मध्ये तिला राष्ट्रीय संस्थेचा दर्जा मिळाला, आणि २००७ पासून ती सेवेतील अधिकाऱ्यांसाठी कृषिविस्तार व्यवस्थापनाची एक वर्षाची दूरस्थ पदविका चालवते. राष्ट्रीय कृषी तंत्रज्ञान प्रकल्पाखाली १९९८ पासून निवडक जिल्ह्यांत आणि २००५-०६ पासून टप्प्याटप्प्याने देशभर कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणा (आत्मा) उभी राहिली, तेव्हा राज्यपातळीवरील प्रशिक्षण संस्थांकडे हा विषय आला. महाराष्ट्रात हे काम नागपूरची वसंतराव नाईक राज्य कृषी विस्तार व्यवस्थापन प्रशिक्षण संस्था (वनामती) आणि तिच्याशी जोडलेल्या विभागीय रामेती संस्था करतात. वनामतीत कृषी विभागाबाहेरील परिविक्षाधीन अधिकाऱ्यांचेही वर्ग होतात.

राज्यात १९९८ मध्ये कृषी, मृदसंधारण व फलोत्पादन यांची कामे एक खिडकी पद्धतीने एकत्र झाली. बांधबंदिस्तीची अंदाजपत्रके करण्यात मुरलेल्या कर्मचाऱ्याला कीडरोगांवर, तर रोपवाटिका जाणणाऱ्याला पाणलोटावर बोलावे लागले. अशा वेळी लागणारे प्रशिक्षण केवळ तांत्रिक नसते. वेगवेगळ्या खात्यांच्या सवयी घेऊन आलेली माणसे एका सजेत (गावांच्या एका गटात), एका पर्यवेक्षकाखाली नांदवण्याचे ते असते. गावपातळीवरील कृषी कर्मचाऱ्याच्या दिवसात आज पीक कापणी प्रयोग, नुकसानीचे पंचनामे, योजनांचे ऑनलाइन अर्ज आणि शेतीशाळा ही सर्व कामे येतात, म्हणजे प्रशिक्षण व भेट पद्धतीने जे वर्ज्य ठरवले होते तेच मोठ्या प्रमाणावर परतले आहे. वेळेचे नियोजन शिकवणारे वर्ग या स्थितीवर पुरेसे नाहीत. कर्तव्यसूची ठरवण्याचा अधिकार ज्यांच्या हाती आहे, त्या वरिष्ठांचेच प्रशिक्षण येथे अधिक निकडीचे आहे.

अध्यापक व संशोधक : यांच्यासाठी भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची राष्ट्रीय कृषी संशोधन व्यवस्थापन अकादमी १९७६ मध्ये हैदराबाद येथे स्थापन झाली, कृषी संशोधन सेवेत नव्याने आलेल्यांचे पायाभूत प्रशिक्षण ती घेते. महाराष्ट्रातील राहुरी, अकोला, दापोली व परभणी येथील चारही कृषी विद्यापीठांत विस्तार शिक्षणाचे विभाग आहेत. पदवीच्या अंतिम वर्षातील ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी गावात राहणाऱ्या विद्यार्थ्यांना कृषिदूत व कृषिकन्या म्हणतात. भावी सल्लागाराचा शेतकऱ्याशी पहिला औपचारिक संबंध तेथे येत असल्याने त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या अध्यापकांची तयारी या विषयाचाच भाग मानावी लागते.

स्त्री कर्मचारी : डेन्मार्कच्या साहाय्याने तमिळनाडूत १९८६ पासून झालेला शेतकरी स्त्रियांचा प्रकल्प स्त्री विस्तारकांच्या प्रशिक्षणासाठी उल्लेखनीय आहे.

मूल्यमापन : डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये मांडलेल्या चार पायऱ्या, म्हणजे प्रतिक्रिया, शिकणे, वर्तनातील बदल व परिणाम, येथेही प्रमाण मानतात. प्रत्यक्षात समारोपाच्या दिवशी भरून घेतलेल्या प्रतिक्रियापत्रकावर काम थांबते. तिसऱ्या पायरीसाठी प्रशिक्षणार्थीच्या गावी काही महिन्यांनी जाऊन त्याच्या वागण्यात काय बदलले, हे शेतकऱ्यांना विचारावे लागते.

खाजगी सल्लागार : मॅनेजने २००३ मध्ये कृषी निविष्ठा विक्रेत्यांसाठी एक वर्षाची पदविका सुरू केली, बाजाराच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी तिचे चाळीस वर्ग व आठ क्षेत्रभेटी होतात. तिचा भर पीकशास्त्रावर आहे.

गोवा : उत्तर गोव्याचे कृषी विज्ञान केंद्र जुने गोवे येथील भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या संस्थेकडे, तर दक्षिण गोव्याचे राज्याच्या कृषी संचालनालयाकडे आहे.