पट मुलींचाही आहे

२८ जुलै २०२५ रोजी आमच्या गटातल्या पाच-सहा जणी एकाच मोबाईलभोवती बसलो होतो. जॉर्जियातल्या बातुमी शहरात महिला विश्वचषक बुद्धिबळाची अंतिम लढत चालली होती. दोघी खेळाडू भारताच्याच. अनुभवी कोनेरू हम्पी आणि आपल्या नागपूरची १९ वर्षांची दिव्या देशमुख. आधीचे दोन डाव बरोबरीत सुटले होते. मग जलद डावांत दिव्या जिंकली आणि ग्रँडमास्टरही झाली. आम्हाला सगळ्या चाली कळत नव्हत्या, पण डोळे मात्र भरून आले.

ही वाट आधी कुणी पाडली, ठाऊक आहे? मुंबईच्या वासंती, जयश्री आणि रोहिणी या खाडिलकर बहिणींनी. १९७४ साली महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, ती वासंतीताईंनी जिंकली. पुढे जयश्रीताईही जिंकल्या आणि रोहिणीताई तर पाच वेळा.

१९७६ साली १३ वर्षांच्या रोहिणीताई पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या. त्यावरून मोठा गदारोळ झाला, प्रकरण हायकोर्टात गेलं. शेवटी जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी सांगितलं, बाई म्हणून कुणालाही स्पर्धेतून अडवता येणार नाही.

आमच्याही घरात पट आहे, पण तो मुलांच्या हाती. म्हणून आम्ही ठरवलंय, पुढच्या मासिक बैठकीला पट आणायचा आणि मुलींना सोबत घेऊन बसायचं. प्यादं एकेक घर चालतच शेवटी वजीर होतं. तुम्हीही मांडताय ना डाव?