ट्राय-एक्स

कोडॅक कंपनीची कृष्णधवल फिल्म. १९४० मध्ये ती सुट्या शीटच्या रूपात आली. १९५४ पासून ३५ मिमी रोलमध्ये मिळू लागली आणि वृत्तछायाचित्रकारांनी ती आपलीशी केली. कारण तिची सोशिकता. ४०० आयएसओची ही फिल्म १६०० धरून वापरली आणि डेव्हलपरमध्ये जास्त वेळ ठेवली, तरी मंद उजेडातला चेहरा हाती लागतो. गडद सावल्यांतला तपशील तेवढा बुडतो. मोठ्या प्रिंटवर गालाच्या कडेला, उजेड सावलीत उतरतो तिथे, तिचे दाणे बारीक वाळूसारखे दिसतात. तो दोष मानू नये. सेबास्तियाओ साल्गादो यांच्या ब्राझीलमधील सोन्याच्या खाणीच्या छायाचित्रांत चिखलाने माखलेली अंगे याच दाण्यांमुळे हाताला लागतील इतकी खरी वाटतात. इलफर्ड कंपनीची एचपी५ प्लस ही फिल्म तितकीच सोशिक, पण कॉन्ट्रास्टला थोडी मवाळ.