दोन इलेक्ट्रॉन्स आणि खाडीपलीकडचं थोरियम

सारसोळ्याच्या जेट्टीवर उभं राहिलं की खाडीपलीकडे ट्रॉम्बेची टेकडी दिसते. तिच्या पायथ्याशी भाभा अणुसंशोधन केंद्र. तिथल्या इतिहासातली एक अडचण अकरावीच्या केमिस्ट्रीतली आहे!

इलेक्ट्रॉन देऊन टाकला की आयनिक, वाटून घेतला की कोव्हॅलंट, एवढं पाठ करून आपण मार्क मिळवले. पण या दोन्हींमध्ये भिंत नाही, उतार आहे. १९२३ मध्ये काझिमिर फायान्सने नियम मांडला: धन आयन जितका लहान आणि जास्त प्रभाराचा, तितका तो शेजाऱ्याचा इलेक्ट्रॉन-ढग ओढतो आणि बंध कोव्हॅलंटकडे झुकतो. (गंमत म्हणजे याच फायान्सने १९१३ मध्ये गोरिंगसोबत ९१ नंबरचं मूलद्रव्य शोधलं. त्याचे शेजारी? ९० थोरियम, ९२ युरेनियम.)

युरेनियम धातू ११३२ अंशांना वितळतो, त्याचं ऑक्साइड २८०० च्या वर. म्हणून १९६९ मध्ये सुरू झालेल्या तारापूरच्या अणुभट्ट्यांत ऑक्साइडच्या गोळ्या वापरल्या. थोरियम ऑक्साइड तर त्याहून चिवट. दोन्हींची स्फटिकरचना सारखीच, बंध मुख्यतः आयनिक.

मग फरक कुठे? चार इलेक्ट्रॉन दिल्यावर थोरियमचे हात रिकामे. युरेनियमकडे अजून दोन उरतात. नायट्रिक आम्लात तो तेही देतो आणि दोन ऑक्सिजनना घट्ट कोव्हॅलंट बंधांनी धरून ‘युरेनिल’ आयन बनतो. तो मजेत विरघळतो. थोरियम मात्र ढिम्म! मग थोडं हायड्रोफ्लोरिक आम्ल घालायचं. ते स्टीलची भांडी खातं, म्हणून त्याला आवरायला ॲल्युमिनियम नायट्रेट.

एवढा खटाटोप कशाला? भाभांनी १९५४ मध्ये मांडलेल्या योजनेचा शेवटचा टप्पाच थोरियमचा. ट्रॉम्बेचा थोरियम कारखाना १९५५ चा, सायरस अणुभट्टी १९६० ची. १९७४ च्या पोखरणनंतर तारापूरच्या अमेरिकी इंधनाचा पुरवठा आटत गेला आणि घरचं इंधन ही निव्वळ हौस राहिली नाही. थोरियम भट्टीत ठेवून त्यातून युरेनियम-२३३ काढायचं, तर आधी ते ऑक्साइड विरघळवणं आलंच.

ते जमलं. १९८४ मध्ये ट्रॉम्बेची ‘पूर्णिमा-२’ युरेनियम-२३३ वर चालली. तिचं इंधन होतं युरेनिल नायट्रेटचं द्रावण, म्हणजे तोच कोव्हॅलंट आयन. १९९६ मध्ये कल्पाक्कमची ‘कामिनी’ आली.

थोरियमचा हा हट्ट नुसता शाप नाही, बरं का. द्यायला इलेक्ट्रॉनच नसल्यामुळे ते हवेत आणखी ऑक्सिडाइज होत नाही. वापरलेलं इंधन वर्षानुवर्षं सांभाळायचं तर हाच गुण सोन्यासारखा. थोडक्यात, जे भट्टीत आणि गोदामात हवंहवंसं, तेच आम्लाच्या भांड्यात डोकेदुखी.