दोन राजधान्या आणि एक बाबागाडी

लुब्लियानात आम्ही जेमतेम दोन दिवस होतो. मी, बायको आणि दहा महिन्यांची लेक. स्लोव्हेनियाच्या या राजधानीची वस्ती तीन लाखांच्याही आत. जुन्या शहरात २००७ पासून गाड्यांना बंदी आहे, त्यामुळे बाबागाडी ढकलणाऱ्याला तिथे राजा असल्यासारखं वाटतं.

नदीकाठी बसलो होतो तेवढ्यात वाशिमहून आईचा व्हिडिओ कॉल आला. "लेकराले टोपी घाल ना रे बाप्पा!" मग मागचं दृश्य बघून, "कोनतं गाव हाये हे?"

"राजधानी आहे आई, एका देशाची."

"येवढीशी?"

दोघंही हसलो. फोन ठेवल्यावर वाटलं, आपलं गावही कधीकाळी राजधानीच होतं की!

वाशिम म्हणजे जुनं वत्सगुल्म. चौथ्या शतकात वाकाटक राजा पहिला प्रवरसेन गेला, राज्य वाटलं गेलं आणि त्याचा मुलगा सर्वसेन याने इथे वेगळी गादी मांडली. तेव्हा लुब्लियानाच्या जागी एमोना नावाचं रोमन गाव होतं; त्याच्या तटाचे अवशेष आजही बघता येतात. वत्सगुल्माची गादी पाचव्या शतकाच्या अखेरीपर्यंत टिकली. शेवटचा मोठा राजा हरिषेण. अजिंठ्याचं १६ क्रमांकाचं लेणं त्याच्याच मंत्र्याने, वराहदेवाने कोरवून घेतलं.

पण लुब्लियानात मला सर्वसेन आठवला तो एका पुतळ्यामुळे. शहराच्या मुख्य चौकात तिथे ना राजा आहे ना सेनापती. तिथे फ्रान्से प्रेशेरेन हा कवी उभा आहे. १८४९ साली तो गेला तेव्हा स्लोव्हेनिया नावाचा देशच नव्हता. देश झाला १९९१ मध्ये. तोवर हे लोक ऑस्ट्रियाच्या आणि मग युगोस्लाव्हियाच्या छत्राखाली होते आणि त्यांनी आपली ओळख जपली ती मुख्यतः भाषेतून. कवीचा स्मृतिदिन, ८ फेब्रुवारी, तिथे राष्ट्रीय सुट्टी असते.

आपल्याकडे तर राजाच कवी होता. सर्वसेनाने 'हरिविजय' हे काव्य लिहिलं, तेही माहाराष्ट्री प्राकृतात, म्हणजे मराठीच्या पूर्वज भाषेत. पुढच्या काळातल्या काव्यशास्त्रकारांनी त्याची वाखाणणी केली. आज ते काव्य उपलब्ध नाही. इतरांनी उद्धृत केलेल्या मोजक्या ओळी तेवढ्या उरल्या. १९३९ मध्ये वाशिमला सर्वसेनाचा मुलगा दुसरा विंध्यशक्ती याचे ताम्रपट सापडले. त्यांत वंशावळ संस्कृतात आहे आणि दानाचा प्रत्यक्ष व्यवहार प्राकृतात. मिरवायला एक भाषा, कामाला दुसरी. ओळखीचं वाटतं ना? राजशेखराने तर काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्नच वत्सगुल्मात लावून दिलं.

मी वाशिमात वाढलो. पद्मतीर्थाच्या काठावर संध्याकाळी घालवल्या. यातलं काहीही मला तिशीपर्यंत ठाऊक नव्हतं.

आम्ही उतरलो होतो त्या घरच्या बाईंनी निघताना आम्हाला त्यांची भाषा थोडी शिकवली. स्लोव्हेनियनमध्ये संस्कृतासारखं द्विवचन अजून जिवंत आहे. 'मिदवा' म्हणजे आम्ही दोघं. पण तीन किंवा जास्त माणसं झाली की शब्द बदलतो. मग म्हणायचं, 'मी'.

आपल्याकडे द्विवचन प्राकृतानेच गाळलं. सर्वसेनाच्या भाषेतही ते नव्हतं. तरी त्या दिवशी मला त्याची गंमत कळली. वर्षापूर्वी आम्ही 'मिदवा' होतो. आता बाबागाडीतल्या या दीड वितीच्या माणसामुळे 'मी' झालो होतो.

लेकीला घरी मराठी ऐकू येते, बाहेर जर्मन. मोठेपणी ती कोणत्या भाषेत मिरवेल आणि कोणत्या भाषेत कामं करेल, माझ्या हातात नाही. पण दिवाळीत वाशिमला गेलो की तिला कडेवर घेऊन पद्मतीर्थावर जाणार आहे. सांगणार आहे, "हीपण राजधानी बरं का. येवढीशीच."

टोपी मात्र आठवणीने घालीन.