निर्मळ पाण्यांतील ताप

पाणी उकळलें कीं तें निर्धोक झालें, असा आपला घरगुती समज आहे. पिण्यापुरता तो बहुतांशीं खराहि आहे. परंतु शिरेंतून द्यावयाच्या औषधाच्या बाबतींत ह्याच समजुतीनें भल्याभल्या डॉक्टरांना चकविलें.

एर्लिकचें सॅल्व्हर्सन हें उपदंशावरील औषध १९१० सालीं बाजारांत आलें आणि शिरेंत सुई टोंचण्याचा प्रघात वाढला. पुष्कळ रोग्यांना त्यानंतर हुडहुडी भरून ताप येई. कोणी औषधास दोष दिला, कोणी रोग्याच्या प्रकृतीस. पाण्याचा संशय घेणारे थोडे. कारण तें वाफ थंडावून केलेलें, आणि वर जंतुरहित!

हा गुंता येल विद्यापीठांत फ्लॉरेन्स सायबर्ट ह्या विदुषीनें उलगडला. तिचा निबंध १९२३ सालीं प्रसिद्ध झाला. पाण्यांतील जंतु उष्णतेनें मरत. पण कांहीं जंतूंच्या देहांतील ज्वरकारक द्रव्य मरत नसे, कारण तें मुळीं सजीवच नव्हे. वाफेबरोबर उडणाऱ्या तुषारांतून तें शुद्ध पाण्यांत उतरे. तुषार अडविण्याची सोय यंत्रांत करतांच तें पाणी टोंचलेल्या सशांना ताप येईनासा झाला. इतकी साधी गोष्ट!

‘जंतुरहित’ म्हणजे ‘निर्धोक’ नव्हे, हें कळूनहि नियम व्हावयास बराच काळ गेला. १९४२ सालीं अमेरिकेच्या औषधसंहितेनें सशाची कसोटी सांगितली: द्रव त्याच्या कानाच्या शिरेंत टोंचावा व ताप पाहावा. पुढें १९५६ सालीं फ्रेडरिक बँग ह्यांस असें आढळलें कीं, असल्या जंतूंमुळें लिम्युलस ह्या नालाकृति सागरी प्राण्याचें रक्त गोठतें. त्याच्या रक्तपेशींच्या अर्कानें सशाची बरीच सुटका केली. लिम्युलसाचें रक्त मात्र अजून काढलें जातें.